यंत्राचे म्हणणे वाचावे

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने संगणकाच्या दुरुस्तीत पडू नये, असा एक समज आहे. मला तो मान्य नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला मिळणाऱ्या नियमित सुधारणा थांबल्या, आणि जुना संगणक मोडीत न काढता त्यावर लिनक्स घालण्याचा मार्ग अनेकांना दिसू लागला. परंतु पहिल्याच दिवशी पडदा काळा राहतो किंवा बाहेरची हार्ड डिस्क उघडत नाही. नवशिका घाबरून डिस्क फॉरमॅट करतो आणि वर्षभराच्या टिपणांवर पाणी पडते!

वास्तविक लिनक्स मुका नाही. ‘एलएसबीएलके’ ही आज्ञा दिल्यावर डिस्कचे नाव दिसले, तर संगणकाने तिला ओळखले आहे. विंडोजच्या संगणकातून ती ‘इजेक्ट’ न करता ओढून काढली असेल, तर लिनक्स पुष्कळदा ती उघडण्याचे नाकारतो. अशा वेळी ती पुन्हा विंडोजला जोडून तपासून घ्यावी व रीतसर काढावी. तसेच, संगणक सुरू होताना ‘नोमोडसेट’ हा शब्द जोडल्यावर पडदा उजळला, तर दोष पडद्यात नसून बहुधा ग्राफिक्सच्या ड्रायव्हरमध्ये असतो.

समोरचा मजकूर शांतपणे वाचून त्याचा अर्थ लावणे, हेच तर आपल्या शाखेचे शिक्षण. मग या कामाला आपणच का भ्यावे?