आठ आठवड्यांचे गाव

लखनौच्या जानकीपुरममधल्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत मेंदूविज्ञानात पीएचडी करायची तर जेआरएफसारखी फेलोशिप लागते, मुलाखत आणि कोर्सवर्क लागते. शिवाय ‘सीएसआयआर-८००’: सहा ते आठ आठवडे ग्रामीण प्रश्नावरचा प्रकल्प. आपली मुले तर उसाच्या फडातून, वस्तीतून तिथवर जातात. त्यांचा हा प्रकल्प जन्मापासून चालू आहे, तोही बिनक्रेडिटचा! देशभरातल्या मुलाखतींत मात्र मोजले जाते ते त्यांचे अडखळते इंग्रजी. आधी विषय विचारा ना! जेआरएफचे ३७,००० रुपये रखडले, तर वडिलांकडे मागायची सोय नसते. उलट घरच त्यावर चाललेले असते. ते दरमहा वेळेवर मिळालेच पाहिजेत. आणि ओबीसी साथींनो, नॉन-क्रिमीलेअर दाखला केंद्राच्या नमुन्यातलाच काढा. राज्याचा तिथे चालत नाही.