आधी दिसते की आधी वाटते?

झरी आणि जामणी ही वास्तविक दोन गावे. तालुक्याने त्यांची नावे जोडून घेतली, इतकेच. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा हा मुलूख. खाली पैनगंगा, तिच्या पलीकडे तेलंगण. बाजाराच्या दिवशी उभे राहावे तर मराठी, कोलामी, गोंडी आणि तेलुगू अशा चार भाषा कानी पडतात. आमचे वडिलोपार्जित घर ह्याच तालुक्यातले. सणावारी नागपूर-पुण्याकडे पांगलेली मंडळी येथे जमतात आणि पंधरा-वीस पाने मांडावी लागतात. आजचा विषय ज्या प्रसंगावरून सुचला, तो अशाच एका सणाच्या संध्याकाळचा आहे.

शके १९४४, शुभकृत् संवत्सराचा तो पहिला दिवस. इंग्रजी तारीख २ एप्रिल २०२२. गुढी उतरवून झाली होती. रात्रीचे पावणेआठ वाजले असतील. प्रतिपदेचा चंद्र तो, नावापुरताच. आभाळ काळेभोर होते. अंगणात बाजा टाकून आम्ही वारा खात बसलो होतो, तोच एक मूल ओरडले आणि सर्वांच्या माना वर गेल्या. उत्तरेच्या अंगाने, पश्चिमेकडून पूर्वेकडे, जळते असे काहीतरी संथपणे चालले होते. तारा तुटतो तो पापणी लवेपर्यंत विझतो. हे तसे नव्हते. लिंबाच्या शेंड्यापासून गोठ्याच्या छपरापर्यंत ते सावकाश गेले, मागे ठिणग्यांची शेपटी ओढीत, आणि दिसेनासे झाले.

क्षणभर कोणी बोलले नाही. मग सगळेच बोलू लागले. आमचे थोरले बंधू दादा हात जोडून म्हणाले, “संवत्सराचे नाव शुभकृत्, आणि पहिल्याच दिवशी हे दर्शन. शुभ चिन्ह आहे.” नागपूरहून आलेल्या पुतण्याने ते क्षेपणास्त्र असल्याचे छातीठोकपणे सांगितले. रशिया-युक्रेनचे युद्ध सुरू होऊन तेव्हा सव्वा महिना झाला होता, आणि त्याच्या हातातल्या फोनवर दिवसभर दुसरे काही नव्हते. सालदार फाटकाशी उभा होता. त्याच्या मते कोणीतरी मोठा माणूस गेला असला पाहिजे. आणि प्रस्तुत लेखक? ज्याचे सारे आयुष्य शाळेत मुलांना विज्ञान शिकविण्यात गेले, त्याने मोठ्या अधिकाराने निकाल दिला की, ते पेटलेले विमान होय.

सुदैवाने जुनी सवय कामी आली. वर्गात प्रयोग झाला की मी मुलांना एकमेकांशी बोलू न देता पाहिलेले लिहावयास लावीत असे. तसेच येथे केले. प्रत्येकाच्या हाती कागद दिला आणि सांगितले की, ते काय होते हे लिहू नका. काय दिसले, एवढेच लिहा. दादा हसले, पण त्यांनीही लिहिले.

ते अकरा कागद मी जपून ठेवले आहेत. तीन जणांनी घरघर ऐकल्याचे लिहिले आहे. बाकीच्यांनी आवाज नव्हताच असे लिहिले आहे. दोघांच्या मते ते लिंबाच्या जेमतेम वरून गेले. दादांच्या कागदावर रंग केशरी आहे, पुतण्याच्या कागदावर “टोकदार अग्रभाग” आहे. माझ्या कागदावर माझ्याच अक्षरात लिहिले आहे : “लांबट शरीर. बाजूस उजेड असलेल्या खिडक्यांची रांग.”

सर्वांत अचूक कागद निघाला तो दादांच्या धाकट्या सूनबाईंचा. “सात किंवा आठ ठिपके. पुढचे दोन मोठे. ठिपक्यांच्या मध्ये काळोख. सगळे एकाच चालीने. आवाज नाही. उंची सांगता येत नाही.” ‘सांगता येत नाही’ हे शब्द अकरा कागदांपैकी फक्त त्या एकावर आहेत. त्या रात्री अंगणात सूनबाई एक अक्षरही बोलल्या नव्हत्या. लिहावयास लावले नसते तर मामंजींनी शुभ चिन्ह म्हटल्यावर त्यांनीही मान हलविली असती, आणि उद्या कोणी विचारले असते तर कदाचित् त्यांनाही केशरी रंगच आठवला असता. एकत्र कुटुंबाचे पुष्कळ गुण आहेत. परंतु वडील माणसाने आधी तोंड उघडले की बाकीच्यांचे डोळे त्याच्या शब्दांमागून चालू लागतात, हा त्याचा एक दोष मान्य करावयास हवा.

दुसऱ्या दिवशी उलगडा होऊ लागला. विदर्भ-खानदेशापासून मध्यप्रदेशापर्यंत हे दृश्य हजारोंनी पाहिले होते. चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावी सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे आभाळातून येऊन पडले होते. त्याच तालुक्यात पवनपार येथे धातूचा एक गोळाही सापडला. अवकाशातील वस्तूंचा हिशेब ठेवणाऱ्या तज्ज्ञांनी सांगितले की, फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चीनच्या ‘चांग झेंग ३-बी’ या अग्निबाणाचा तो तिसरा टप्पा असावा. पृथ्वीभोवती फिरता फिरता तो खाली उतरत गेला आणि वातावरणात शिरून जळाला. उल्का सेकंदाला अकरा किलोमीटरांहून अधिक वेगाने येते आणि बहुधा लागलीच संपते. असा अग्निबाण सुमारे आठ किलोमीटरांच्या वेगाने, अगदी तिरप्या वाटेने शिरतो, म्हणून त्याचे तुकडे एका ओळीत, जणू जमिनीला समांतर, बराच वेळ चालत असल्यासारखे दिसतात. हे सारे घडते ते साठ-सत्तर किलोमीटर उंचीवर. लिंबाचा शेंडा कोठे आणि हे कोठे! तितक्या उंचीवरचा आवाज दृश्याबरोबर अंगणात पोहोचणेही शक्य नाही.

शेजारच्या मुलाने फोनवर टिपलेले चित्र मी नंतर दहा वेळा पाहिले. सुटे तुकडे, मध्ये काळोख. शरीर नाही, खिडक्या नाहीत. आणि तरीही आज डोळे मिटले की मला खिडक्यांची रांगच दिसते.

याचे मला फार वैषम्य वाटे. पुढे अमेरिकेतील एक जुना अहवाल वाचनात आला आणि सोबती मिळाले. ३ मार्च १९६८ च्या रात्री तिकडील अनेक राज्यांवरून असेच जळते तुकडे गेले. सोव्हिएत रशियाच्या झोंड-४ ह्या मोहिमेचे ते अवशेष होते. कोलोरॅडो विद्यापीठाने त्या काळी अज्ञात उडत्या वस्तूंविषयी जी चौकशी केली, तिच्यात विल्यम हार्टमन या खगोलशास्त्रज्ञाने प्रेक्षकांच्या लेखी हकीकती तपासल्या. पुष्कळांनी जे होते तेच नीट लिहिले होते. परंतु काहींना विडीच्या आकाराचे एकसंध यान दिसले, त्याला उजेडाच्या चौकोनी खिडक्या दिसल्या, आणि ते झाडांच्या शेंड्यांवरून गेले असेही वाटले. माझ्या आणि त्यांच्या खिडक्यांत चोपन्न वर्षांचे आणि अर्ध्या पृथ्वीचे अंतर! अंधारात काही दिवे एका चालीने सरकले की मन त्यांच्यामागे शरीर उभे करते. ते शरीर देवाचे करावयाचे, शत्रूचे करावयाचे की विमानाचे, हे ज्याच्या त्याच्या मनात आधी काय भरले आहे त्यावर ठरते.

आपल्या शास्त्रकारांस हे नवीन नव्हते. संधिप्रकाशात दूरचा खांब माणूस वाटतो, दोरी साप वाटते, शिंपी रुपे वाटते, ही उदाहरणे आपण लहानपणापासून ऐकतो. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या आरंभीच अध्यासाचे लक्षण सांगितले आहे : पूर्वी पाहिलेले स्मृतीतून उठून भलत्याच ठिकाणी भासणे. ज्याने रुपे कधी पाहिलेच नाही त्याला शिंपल्यात ते दिसणार कसे? माझ्या खिडक्याही मी रात्रीच्या रेलगाडीस पुष्कळदा पाहिल्या होत्या.

मात्र यावरून अपेक्षा ही केवळ खोडी आहे, असे कोणी समजू नये. तिच्यावाचून मनुष्य पाऊलही टाकू शकणार नाही. २०१८ साली पांढरकवडा-राळेगाव भागात टी-१ वाघिणीची दहशत होती. त्या वर्षीच्या २ नोव्हेंबरच्या रात्री तिला मारण्यात आले, तोपर्यंत तिकडील कापूस वेचणाऱ्या बायांना प्रत्येक सळसळीत वाघ ऐकू येई. शंभरांत नव्व्याण्णव वेळा तो नसे. पण त्या बायांना भित्र्या म्हणण्याचा अधिकार, कुंपणाआड राहणाऱ्या आपणांस नाही.

शिक्षणाने माणूस यातून सुटतो, ही समजूत तर सोडूनच द्यावी. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो ही वार्ता दिल्लीहून निघाली आणि दुपारपर्यंत देशभर, किंबहुना लंडनपर्यंत पोहोचली. रांगांत डॉक्टर होते, वकील होते, आमच्या ओळखीचे दोन प्राध्यापक होते. चमच्यातले दूध सोंडेला टेकले की पृष्ठताणामुळे वर ओढले जाते आणि पातळ थराने मूर्तीवरून खाली ओघळते. शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून ते दाखविले. पण रांगेतला जो तो मूर्ती पिते हे पाहावयास आलेला. त्याची दृष्टी चमच्यावर खिळलेली. पायथ्याशी साचलेल्या दुधाकडे कोण पाहणार? आणि शास्त्रज्ञांनीही फार हसू नये. १९०३ साली फ्रान्समध्ये ब्लोंदलो या नामांकित पदार्थवैज्ञानिकाने ‘एन-किरण’ शोधल्याचे जाहीर केले, आणि अनेक विद्वानांना ते दिसूही लागले. पुढल्या वर्षी अमेरिकेचा रॉबर्ट वुड त्याच्या प्रयोगशाळेत गेला आणि अंधारात त्याने उपकरणातला लोलक हळूच काढून घेतला. किरण दिसावयाचे ते दिसतच राहिले.

येथवरची उदाहरणे निरुपद्रवी आहेत. आकाशातल्या दिव्यास कोणी शुभ चिन्ह म्हटले काय, क्षेपणास्त्र म्हटले काय, दिव्याचे काही बिघडत नाही. पण मनात आधीपासून भरलेली गोष्ट एखाद्या जिवंत माणसाचे नाव असेल तर? त्याच आकाशाखाली, आमच्याहून फार दूर नसलेल्या चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती तालुक्यात, वणी खुर्द ह्या गावी ऑगस्ट २०२१ मध्ये भानामतीच्या संशयावरून सात जणांना भर चौकात बांधून मारहाण झाली. त्यांत वृद्ध स्त्रियाही होत्या. अशा वेळी आधी घरांत आजार येतो, किंवा घरावर दगड पडतात, अंगावरचे कपडे पेटतात. मग कोणीतरी नाव घेते. आणि एकदा नाव घेतले की त्या माणसाचे चालणे, बघणे, दारावरून जाणे, सारेच पुरावा होऊन बसते. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी भानामतीची प्रकरणे वर्षानुवर्षे तपासली, तेव्हा दगडामागे माणसाचाच हात आढळला, आणि पुष्कळदा तो हात त्याच घरातल्या एखाद्या गांजलेल्या जिवाचा होता. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांची हत्या झाली. त्यानंतर चारच दिवसांनी जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात त्याचा कायदा झाला. वणी खुर्दची घटना ह्या कायद्यानंतर आठ वर्षांनी घडली आहे.

दुसऱ्यांच्या गावाविषयी लिहिणे सोपे असते, म्हणून घरचीही गोष्ट सांगतो.

त्याच वर्षीच्या आषाढात आमच्या मागल्या पडवीच्या पत्र्यावर रात्री दगड पडू लागले. एक दिवस, दोन दिवस, तिसऱ्या रात्री मुले रडू लागली. आमच्या परसामागे एक म्हातारी विधवा एकटी राहते. उन्हाळ्यात सरपणावरून तिची आणि आमच्या घरची बोलाचाली झाली होती. चौथ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी दादांनी तिचे नाव घेतले. माझे दादा, ज्यांनी जन्मभर कोणाचे वाईट चिंतिले नाही. आणि लाजेची गोष्ट अशी की, नाव ऐकताच मलाही आठवले : ती काल फाटकाशी क्षणभर थबकली होती खरी.

सूनबाई आत गेल्या आणि कागद घेऊन आल्या. “मामंजी, पाडव्याला लिहिले तसे आजपासून लिहू या. किती वाजता, किती आवाज, दगड येताना कोणी पाहिला का, सकाळी काय सापडले.” दादांना राग आला असावा. पण नातवंडांनी पेन्सिली घेतल्या होत्या, आणि त्यांच्यापुढे नाही म्हणणे त्यांना जमले नाही.

सहा रात्री आम्ही लिहीत होतो. दगड येताना एकानेही पाहिला नाही. पहाटे पन्हळीत सापडली ती कुरतडलेली देशी बदामाची फळे, दोन ओंजळी भरतील इतकी. वटवाघळे ती दूरच्या झाडावरून आणून आमच्या लिंबावर बसून खात आणि खाली टाकीत. पहिल्या तीनपैकी दोन रात्री मात्र अशा होत्या की, त्यांचे आवाज याहून बरेच मोठे होते असे सर्वांस वाटते. ते वाटणे खरे की भीतीने वाढलेले, हे कळावयास मार्ग नाही, कारण त्या रात्री कोणी लिहीत नव्हते. त्या दोन रात्रींचा उलगडा आजतागायत झालेला नाही.

परंतु साऱ्या कागदांवर म्हातारीचे नाव कोणालाच लिहिता आले नाही, दादांनाही नाही. ती अजून दर एकादशीस ताक न्यावयास येते, फाटकाशी क्षणभर थबकते, कारण तिचे गुडघे दुखतात. तिला यातले काहीच ठाऊक नाही. दादा तिला स्वतः उठून ताक वाढतात.