पावसाळ्यातला ताप आणि भिंतीवरचं कॅलेंडर

मैत्रिणींनो, पाऊस लागला की आपल्या वसई-नालासोपाऱ्यात दोन गोष्टी ठरलेल्या. रस्त्यावर तुंबलेलं पाणी आणि त्यामागोमाग घरोघरी ताप. २०१८ च्या जुलैत तर नालासोपाऱ्याला रूळच पाण्याखाली गेले नि गाड्या बंद पडल्या. पाणी ओसरतं, आपण कपडे धुऊन वाळत घालतो आणि विसरून जातो. आठ-दहा दिवसांनी ताप येतो तेव्हा त्या पाण्याची आठवण कुणालाच नसते. डॉक्टरांना मात्र नेमकं तेच कळायला हवं असतं.

मलेरिया, डेंग्यू आणि लेप्टो हे तिन्ही ताप सुरुवातीला सारखेच दिसतात. अंग मोडून येतं, डोकं ठणकतं. प्लेटलेट्स तिन्हींत कमी होऊ शकतात. तेव्हा ‘प्लेटलेट्स उतरल्या, म्हणजे डेंग्यूच’ असा निकाल घरी लावू नये.

लेप्टोचे जंतू उंदीर-घुशींच्या, गुराढोरांच्या लघवीतून पाण्यात उतरतात आणि पायाच्या भेगांतून, जखमेतून, चिखल्यांतून अंगात शिरतात. बहुधा पाच ते चौदा दिवसांनी ताप भरतो. पोटऱ्या दाबल्या तरी कळ येते, डोळे लाल होतात. दुर्लक्ष झालं तर कावीळ, लघवी कमी होणं, धाप लागणं, थुंकीतून रक्त, असं दुखणं मूत्रपिंडावर नि फुप्फुसांवर जातं. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत या तापाची मोठी साथ आली होती. वेळेवर औषध मिळालं तर हा आजार बरा होतो.

डेंग्यूची तऱ्हा उलटी. तिसऱ्या ते सातव्या दिवशी ताप उतरतो, घरातले निःश्वास सोडतात. पण खरा धोका तेव्हाच असतो. पोटात सारखं दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणं, यातलं काहीही दिसलं तर रात्र काढू नका, थेट इस्पितळ गाठा.

मलेरियात ताप दिवसाआड येतोच असं नाही. एकदा रक्तात जंतू सापडले नाहीत तरी डॉक्टर पुन्हा तपासायला सांगतात. कंटाळा करू नये. डेंग्यूची एनएसवन चाचणी पहिल्या चार-पाच दिवसांत उपयोगी, तर लेप्टोची प्रतिपिंडांची चाचणी सुरुवातीला ‘काही नाही’ असं सांगू शकते. म्हणून तापाचा कितवा दिवस, हे अचूक सांगता आलं पाहिजे.

त्यासाठी साधी युक्ती. भिंतीवरच्या कॅलेंडरवर, घरातलं कुणी साचलेल्या पाण्यातून आलं की त्या तारखेला खूण करा. ताप आला की पहिला दिवस, सकाळ-संध्याकाळचं तापमान, लघवी किती वेळा झाली आणि कोणत्या गोळ्या दिल्या, एवढं लिहा. निदान होईपर्यंत पॅरासिटामॉलखेरीज दुखण्याची गोळी आपल्या मनाने देऊ नका. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेनने रक्तस्रावाचा धोका वाढतो. पाण्यातून आल्यावर पाय साबणाने धुवावेत, आणि पायाला जखम असेल तर प्रतिबंधक गोळीबद्दल डॉक्टरांना विचारावं. गरोदर बाई नि लहान मुलं यांच्या बाबतीत तर विचारल्याशिवाय काहीच नको.

आणि एक. मुलाचा ताप, ह्यांचा ताप आपण लगेच मोजतो. स्वतःचा मात्र ‘डबे तर करून घेऊ’ म्हणत अंगावर काढतो. वाडीत भाजीला पाणी घालणारी, चिखलात भात लावणारी, गुडघाभर पाण्यातून शाळेत मुलाला आणायला जाणारी बहुतेक बाईच असते. तेव्हा कॅलेंडरवर आपलंही नाव लिहा. दोन दिवसांत ताप हटला नाही तर डबे राहू देत, आधी दवाखान्यात जा. आणि लाल डोळे किंवा दुखऱ्या पोटऱ्या असतील तर दोन दिवसही थांबू नका.