पोटाचा प्रश्न पालिकेचाही

पावसाळा सुरू झाला की कुर्ल्यासारख्या दाट वस्तीत पोटाचे विकार वाढतात आणि मेडिकलच्या काउंटरवरचा एक व्यवहारही वाढतो. गिऱ्हाईक ‘जुलाब लागलेत’ म्हणते, दुकानदार नॉरफ्लॉक्सासिन-टिनिडॅझोलची पट्टी काढतो आणि कात्रीने चार गोळ्या कापून देतो. डॉक्टरची चिठ्ठी कुणी मागत नाही. हल्ली जोडीला प्रोबायोटिकची कॅप्सूलही मिळते, ‘पोटातले चांगले बॅक्टेरिया वाढतात’ या शिफारशीसह. आतड्यांतल्या जिवाणूंचे विज्ञान गेल्या वीस वर्षांत झपाट्याने पुढे गेले, पण सामान्य माणसापर्यंत ते पोहोचले ते असे, विकत घ्यायचा माल म्हणून. माझ्या मते या विज्ञानाचा सर्वांत ठोस धडा खरेदीचा नाहीच. आपल्या आतड्यांत कोण नांदणार हे बऱ्याच अंशी नळाचे पाणी, गटारे, शौचालये, मुलांचा आहार आणि औषधविक्रीची शिस्त यांवर ठरते. यातले बहुतेक सारे सार्वजनिक यंत्रणांच्या हातात आहे.

या जिवाणूंचे काम आधी नीट पाहू. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात, तर त्याच्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी. यातले बहुतेक जिवाणू मोठ्या आतड्यात राहतात. आपल्याला न पचणारा कोंडा आणि डाळी-भाज्यांतला चोथा ते आंबवतात. त्यातून तयार होणाऱ्या ब्युटिरेटसारख्या आम्लांवर आतड्याच्या अस्तराच्या पेशी पोसल्या जातात. शिवाय या जिवाणूंनी जागा आणि अन्न अडवून धरल्यामुळे रोगजंतूंना शिरकाव करणे जड जाते. अँटिबायोटिकने ही वस्ती उठली तर काय होते, ते क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जिवाणूच्या संसर्गात दिसते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील चाचणीत अशा वारंवार आजारी पडणाऱ्या १६ रुग्णांच्या आतड्यांत निरोगी माणसाच्या विष्ठेतले जिवाणू सोडले, तेव्हा पहिल्याच खेपेत १३ जण बरे झाले. नेहमीच्या औषधाचे यश त्यापुढे इतके तोकडे ठरले की चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली.

मग अँटिबायोटिकसोबत कॅप्सूल घेतली की नुकसान भरून निघते का? इस्रायलच्या वाइझमन संस्थेतील संशोधकांनी २०१८ मध्ये हेच तपासले. अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांच्या आतड्यांत मूळचे जिवाणू परतायला उलट जास्त वेळ लागला. अभ्यास छोटा होता आणि काही विशिष्ट आजारांत प्रोबायोटिकचा उपयोग होतोही. पण सरसकट प्रत्येक चिठ्ठीवर कॅप्सूल लिहिणे म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. त्याहून मोठी बाब अशी की, हे नुकसान एकट्या रुग्णाचे राहत नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी २०१० मध्ये नोंदवले की, कार्बापेनेम या राखीव फळीतल्या औषधांना दाद न देणाऱ्या २४ जिवाणूंपैकी २२ जिवाणूंमध्ये एनडीएम-१ हे औषध निकामी करणारे विकर होते. ज्या गटातले हे जिवाणू, त्यातले ई. कोलाय आणि क्लेब्सिएला आपल्या आतड्यांतच राहतात, विष्ठेवाटे बाहेर पडतात आणि दूषित पाण्यातून दुसऱ्याच्या पोटात जातात. मिठी नदीत वर्षानुवर्षे सांडपाणी सोडले जाते आणि मोठा पाऊस झाला की तेच पाणी कुर्ल्याच्या क्रांतीनगरातल्या घरांत शिरते. एका घरात विनाकारण घेतलेल्या गोळ्यांतून तगलेला जिवाणू चार घरे ओलांडून जाऊ शकतो, तो असा.

लहान मुलांच्या बाबतीत पुरावा आणखी बोलका आहे. ढाक्याच्या मीरपूर झोपडपट्टीतल्या कुपोषित मुलांच्या आतड्यांतली जिवाणूंची वस्ती वयाच्या मानाने अप्रगत असते, असे संशोधक जेफ्री गॉर्डन, तहमीद अहमद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. मग त्यांनी जिवाणूंना मानवेल असा पूरक आहार तयार केला. त्यात होते हरभऱ्याचे पीठ, शेंगदाणे, सोयाबीन आणि कच्ची केळी. २०२१ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा नेहमीच्या पूरक आहारापेक्षा कॅलरी कमी असूनही या आहारावरच्या मुलांचे वजन जास्त वेगाने वाढले होते. यातला एकही जिन्नस मराठी घराला परका नाही. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील (एनसीसीएस) योगेश शौचे आणि सहकाऱ्यांच्या कामातून भारतीयांच्या आतड्यांत प्रिव्होटेला गटाचे जिवाणू विशेष प्रमाणात आढळले. धान्य-डाळींच्या तंतुमय आहाराशी या गटाचे नाते जोडले जाते. परदेशी माणसासाठी बेतलेली कॅप्सूल आपल्याला तशीच लागू पडेल असे धरून चालता येत नाही, ते यामुळेच.

यावर तीन आक्षेप घेतले जातील. पहिला आक्षेप वजनदार आहे. बांगलादेश, केनिया आणि झिम्बाब्वेतील मोठ्या चाचण्यांत पाणी-शौचालयांच्या सुधारणांनी मुलांची उंची वाढली नाही. हे खरे आहे. पण त्या ग्रामीण भागात होत्या आणि उपाय होते क्लोरीन, सुधारित शौचखड्डे आणि हात धुण्याची सोय. घरात नळ आणि घराबाहेर बंदिस्त मलवाहिनी, असा पुरता बदल तिथे झालाच नव्हता. अर्धवट उपाय पुरत नाहीत, एवढेच त्यातून सिद्ध होते. दुसरा आक्षेप असा की चिठ्ठीची सक्ती केली तर डॉक्टरची फी न परवडणारा गरीब मरेल. पण बहुतेक जुलाबांवरचा खरा उपचार ओआरएस आणि मुलांसाठी झिंक हा आहे. त्यांना चिठ्ठी लागत नाही आणि फारसा खर्चही नाही. रक्त पडत असेल, ताप उतरत नसेल तर डॉक्टर हवाच. महापालिकेच्या ‘आपला दवाखाना’ योजनेत तो मोफत मिळतो, तेव्हा त्याच्या संध्याकाळच्या वेळा वाढवाव्यात. तिसरा आक्षेप, हे विज्ञान अजून कच्चे आहे. मधुमेह, नैराश्य आणि लठ्ठपणाबाबत ते कच्चे आहेच. बरेच पुरावे उंदरांवरचे आहेत. म्हणूनच महागड्या विष्ठा-चाचण्यांच्या नादी लागू नये. सांडपाणी आणि अँटिबायोटिक यांबाबतचा पुरावा मात्र कच्चा नाही.

राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचे मुख्यालय वांद्रे-कुर्ला संकुलातच आहे. मार्च २०१४ पासून लागू असलेल्या शेड्युल एच-१ नुसार ठरावीक अँटिबायोटिकच्या प्रत्येक विक्रीची नोंद दुकानदाराने तीन वर्षे जपायची असते. औषध निरीक्षकांनी त्या नोंदवह्या आसपासच्या दुकानांत जाऊन उघडून पाहाव्यात. महापालिकेने मिठीकाठच्या वस्त्यांच्या मलवाहिन्यांना कॅप्सूलच्या जाहिरातींना लाभते तेवढी तरी निकड द्यावी, आणि राज्य सरकारने अंगणवाडीच्या आहारात हरभरा-शेंगदाण्याचा वाटा वाढवावा. वाचकांनी करण्यासारखे एकच आहे: पुढच्या वेळी जुलाब लागले तर काउंटरवर आधी ओआरएस मागा, आणि अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मिळत असेल तरी घेऊ नका.