शाखा वाढतात, देखरेख वाढत नाही

मुलांच्या वर्तन उपचारांचे केंद्र कसे वाढवावे याबद्दल सध्या एक मत फार ठामपणे मांडले जाते. ते असे : पुण्याजवळच्या पुनावळे, ताथवडे, रावेत या पट्ट्यात सोसायट्या भराभर भरताहेत, आईवडील दोघेही हिंजवडीत नाहीतर चाकणला कामाला, अडीच-तीन वर्षांचे मूल बोलत नाही म्हणून घर धास्तावलेले, आणि बऱ्या केंद्रात नंबर लागायला महिने जातात. म्हणून आधी शाखा काढा, माणसे भरा, तासांची पॅकेजे बांधा. दर्जा मागाहून सावरता येईल. जो थांबतो तो मूल्यांच्या नावाखाली मुलांना ताटकळत ठेवतो. हा शेवटचा आरोप संतापजनक आहे. त्यात रांगेतल्या मुलाला पुढे करून गल्ल्याची सोय पाहिली जाते.

रांग खरी आहे, हे आधीच मान्य करतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, देशाच्या पाच भागांतल्या पाहणीत (उत्तर गोवा त्यांपैकी एक) सहा ते नऊ वयाच्या १३.६ टक्के मुलांमध्ये मेंदूच्या विकासाशी निगडित एखादी तरी अडचण आढळली. त्यात स्वमग्नतेबरोबर अपस्मार, श्रवणदोष, अध्ययन अक्षमताही धरल्या होत्या. तेव्हा गरजेबद्दल वाद नाही. वाद आहे तो मूल नेमकी कशाची वाट पाहते आहे याबद्दल. खोली, गाद्या, झोपाळा हे महिन्याभरात मांडून होते. पण टेबलाशी बसवले की मूल किंचाळते, नवखी थेरपिस्ट हातात मोबाइल देते, मूल शांत होते आणि वहीत ‘सेशन चांगले झाले’ अशी नोंद होते. त्या दिवशी मूल एवढेच शिकते की किंचाळले की मोबाइल मिळतो. किंचाळण्याआधी काय घडले, शेजारच्या खोलीतला आवाज सहन झाला नाही, काम अवघड होते की भूक लागली होती, हे ताडून पुढची आखणी बदलायला अनुभवी माणूस लागतो. असा माणूस जाहिरात देऊन आठवड्यात मिळत नाही. तो केंद्रातच दोन-तीन वर्षे कुणाच्या तरी हाताखाली तयार होतो.

तासांच्या पॅकेजमागे जो आकडा उभा केला जातो, तो मुळातून पाहण्यासारखा आहे. मानसशास्त्रज्ञ इव्हार लोवास यांनी १९८७ साली स्वमग्न मुलांबरोबरच्या कॅलिफोर्नियातील आपल्या कामाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आठवड्याला चाळीस तास उपचार घेतलेल्या एकोणीस मुलांपैकी नऊ जण सर्वसाधारण शाळेत व बुद्धिमापनात इतर मुलांच्या पातळीला पोहोचले, असा त्यांचा दावा होता. मुलांचे गट चिठ्ठी टाकून पाडलेले नव्हते, नकोशा वर्तनासाठी शारीरिक शिक्षाही वापरली गेली होती, आणि काम करणारे विद्यार्थी विद्यापीठाच्या कडक देखरेखीखाली होते. विक्री करणाऱ्यांनी यातून चाळीसचा आकडा उचलला आणि देखरेख सोडून दिली. कारण उघड आहे. तास विकता येतात, देखरेखीवर मात्र खर्च होतो. ज्या केंद्राचे उत्पन्न तासांवर चालते, त्याला मुलाचे तास कमी होणे परवडत नाही. आणि मूल सुधारले याचा अर्थच त्याचे तास कमी झाले. या व्यवसायातला मूळ पेच हाच आहे. अमेरिकेत तो पुरता उघडा पडला. ‘सेंटर फॉर ऑटिझम अँड रिलेटेड डिसऑर्डर्स’ ही तिथली मोठी साखळी २०१८ साली ब्लॅकस्टोन या गुंतवणूक कंपनीने घेतली. कर्ज, भाडेकरार आणि कर्मचाऱ्यांची टंचाई यांत ती सापडली, केंद्रे बंद होत गेली आणि जून २०२३ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. तिथे निदान विमा कंपन्या पैसे भरत होत्या. पुनावळ्यात ते गृहकर्जाच्या हप्त्यातून उरलेल्या पगारातून जातात.

‘पालकांनाच जास्त तास हवे असतात’ म्हणे. घाबरलेल्या माणसाची मागणी उपचाराची दिशा ठरवू शकत नाही. ‘आमची माणसे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रवाली’ : तंत्रज्ञ पातळीच्या अशा प्रमाणपत्रासाठीचे प्रशिक्षण जेमतेम चाळीस तासांचे असते. आणि घरात मराठी बंद करून फक्त इंग्रजी बोला, हा जुना सल्ला अजून दिला जातो, त्याचाही इथे समाचार घ्यायला हवा. दोन भाषांमुळे स्वमग्न मुलाची भाषा मागे पडते असे अभ्यासांत दिसलेले नाही. आजीशी बोलणे तुटते ते मात्र नक्की.

मग वाढायचे कसे? गोव्यात ‘संगथ’ संस्थेने आणि रावळपिंडीत तिथल्या सहकाऱ्यांनी मिळून केलेली चाचणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. पासष्ट स्वमग्न मुलांच्या या चाचणीत तज्ज्ञ नसलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी पालकांना मुलाशी कसे खेळावे, त्याच्या पुढाकाराला कसा प्रतिसाद द्यावा हे शिकवले. पालकांचा प्रतिसाद सुधारला, मुलेही संवादाला अधिक वेळा स्वतः सुरुवात करू लागली. एकत्र लक्ष देण्याचा वेळ मात्र घटला, हेही लपवू नये. प्रतिपक्ष म्हणेल, पाहा, तज्ज्ञाशिवाय जमते. जमते, पण लिखित पद्धत, मोजकी सत्रे आणि सतत देखरेख असली की. म्हणजे वाढवायची ती देखरेख, आणि पालकांचे कौशल्य. पहिल्या केंद्रात तयार झालेला ज्येष्ठ माणूस दुसरीकडे जाऊ शकत असेल तरच दुसरी शाखा काढावी. भारतीय पुनर्वास परिषदेचे नोंदणी क्रमांक भिंतीवर असावेत, दर तीन महिन्यांनी तास कमी करता येतील का हे लेखी ठरावे. आणि रांगेतल्या पालकांना नंबर लागण्याआधीच शनिवारी गटात बोलावून, मराठीत आणि हिंदीत, अल्प शुल्कात हे शिकवायला सुरुवात करावी. त्यासाठी नवी शाखा लागत नाही, आहे त्या केंद्राचा एक हॉल आणि एक जाणती व्यक्ती पुरते.