मुका खांब आणि मागचा धागा

शहापूर-मुरबाडकडे भातझोडणी आटोपल्यावर हातांना जी उसंत लाभते, तिच्यात बचत गटांतून क्रोशाचे शिक्षण द्यावे, असे माझे आग्रहाचे मत आहे. मात्र नमुन्यांचा भडिमार करून नव्हे, तर साखळी, मुका खांब आणि खांब हे तीनच टाके पक्के करवून. मुक्या खांबाच्या माथ्यावरील दोन धाग्यांऐवजी प्रत्येक ओळीत केवळ मागच्या धाग्यात सुई घातली, की त्याच टाक्यातून उंचवट्याच्या रेघा उमटतात, आणि शिकणारी क्षणभर थांबून ती वीण बोटांनी चाचपून पाहते. आणि ही कला संसारालाही हातभार लावू शकते: १८४५ नंतरच्या भीषण दुष्काळात आयर्लंडमधील कित्येक कुटुंबे याच सुईच्या आधारे तगली. पंचायत समितीने सूत व सुया यांची तजवीज केली, तर पौषातल्या म्हसा गावच्या यात्रेत घोंगड्यांशेजारी क्रोशाची तोरणेही मांडता येतील.