हेड केवढं, ओझं केवढं

गळीत हंगाम सुरू झाला की अंबड-घनसावंगीच्या रस्त्यांवर दुचाकीवाल्याचा निम्मा वेळ उसाच्या ट्रॉल्यांमागं जातो. अंकुशनगरचा ‘समर्थ’ साखर कारखाना असो की तीर्थपुरीचा ‘सागर’, जायकवाडीच्या डाव्या कालव्याखालचा बराचसा ऊस गव्हाणीपर्यंत पोहोचतो तो एका ट्रॅक्टरमागं जोडलेल्या दोन ट्रॉल्यांतून. संध्याकाळी अशा जोडीच्या मागं अडकलं की विचार करायला भरपूर सवड मिळते. माझ्या मनात दर वेळी एकच प्रश्न येतो : हे ओढतंय ते ठीक, पण थांबवणार कोण?

ट्रॅक्टर घेताना गावात पहिला प्रश्न असतो, ‘किती एचपीचा?’ त्याचं वजन किती, हे कुणी विचारत नाही. इंग्लंडात मोटारीमागं कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, जोडून सहलीला जाणारे लोक मात्र सुरुवात वजनापासून करतात. नवख्यांना तिकडे सल्ला मिळतो तो असा : भरलेली कॅराव्हॅन मोटारीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांपेक्षा जड नको. मोटार दीड हजार किलोची असेल तर मागचं घर पावणेतेराशेच्या आत. (आपल्या राज्यानंही २०२१मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण घनसावंगीत कुणी मोटारीला घर जोडून निघालेलं मी अजून पाहिलेलं नाही.)

आता आपला हिशेब करा. पंचेचाळीस-पन्नास एचपीचं हेड, म्हणजे नुसता ट्रॅक्टर, साधारण दोन टनांचं. मागच्या दोन ट्रॉल्यांत पंधरा टन ऊस धरला, तरी ओझं हेडच्या सातपटीहून जास्त. इंग्लंडची मोटार ताशी ९६ किलोमीटरनं पळते आणि आपलं हेड पंचवीसनं, म्हणून तो नियम इथं जसाच्या तसा लागू करणं अन्यायाचं होईल. खालच्या गिअरमध्ये ट्रॅक्टर हे वजन ओढतोही. पण त्याचे ब्रेक बहुधा फक्त मागच्या दोन चाकांना, आणि ट्रॉल्यांना बहुतेक वेळा ब्रेकच नसतात. म्हणजे ट्रॉल्यांचं स्वतःचं वजन सोडूनही सतरा टनांचा सगळा भार दोन टायरांच्या पकडीवर. त्यात शेतात वळण घेताना सोयीचे म्हणून ब्रेकचे पाय दोन वेगळे. रस्त्यावर येताना ते खिटीनं जोडायचे असतात. खिटी विसरली आणि एकच पाय दाबला गेला, की हेड आडवं झालंच म्हणून समजा. ताशी वीसवरून तीसवर गेलं की अंगातला जोर दीडपट नव्हे, सव्वादोनपट होतो. अशात डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणारे चालक आहेत. इंजिनाची उरलीसुरली रोकही ते सोडून देतात, आणि वेग वाढल्यावर गिअर पुन्हा पडत नाही.

वजन किती, याइतकंच ते कुठं बसतं हेही महत्त्वाचं. आपल्या बैलगाडीवाल्यांना हे पाठ होतं. गाडी धुरजड झाली तर बैलांच्या माना मोडतात, उलाळ झाली तर जू वर उचलतं. म्हणून कडबा रचतानाच चाकाच्या पुढंमागं बघून रचायचा. कॅराव्हॅनवालेही तेच करतात : एकूण वजनाच्या पाच ते सात टक्के भार हुकावर राहील असं सामान मांडतात, नाहीतर मागचं घर सापासारखं वळवळायला लागतं. दोन चाकी ट्रॉलीला हीच गोष्ट लागू. चार चाकी ट्रॉली हुकावर फारसं वजन टाकत नाही, त्यामुळं मागच्या टायरांची पकडही वाढवत नाही. नुसती मागं खेचते. चढावर मग हेडचं तोंड हलकं होतं, स्टिअरिंग फिरवलं तरी वळत नाही. त्यावर उपाय म्हणून पुढं लोखंडी वजनं लावतात, मागच्या टायरांत पाणी भरतात. हुक मात्र खालीच हवा. मागच्या आसाच्या वर साखळी बांधून जोर लावला तर ट्रॅक्टर मागं उलटून थेट चालकाच्या अंगावर येतो.

चालकाला दोष देऊन सुटका करून घेणं मला पटत नाही. वाहतुकीचे पैसे टनावर आणि अंतरावर मिळतात. त्यात कमी भरा म्हणणं म्हणजे ट्रॅक्टरचे हप्ते थकवा म्हणणं. ओझं बघायचंच असेल तर कारखान्याच्या काट्यावर बघावं. तिथं प्रत्येक खेपेचं भरलेलं वजन होतं आणि रिकामंही. शेतकऱ्याच्या पावतीसाठी हे आकडे रोज लिहिले जातात. त्यांच्या शेजारी हेडचं वजन आणि ‘ट्रॉलीला ब्रेक : आहे / नाही’ असा एक रकाना वाढवायला नवं यंत्र लागत नाही.